उमेराची सुट्टी

२० जानेवारी, सोमवार

"बाकीच्या पोरांना बी सुट्टी हाय, का आमच्याच उमेराला?"

उमेराच्या आईने, हुस्नबानोभाभींनी, आज दुपारी दारात उभं राहून हे विचारलं. मी म्हणाले, "तिला त्रास होऊ नये म्हणून, भाभी." हे खोटं नाही. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच.

उद्या पुण्याहून सरकारी तपासणी समिती येतेय. आमच्या शाळेला सरकारी पैसा मिळतो, फी नाही, आणि स्वमग्न मुलांना कसं शिकवायचं ते ठरवायची मोकळीक आहे. या मोकळिकीची मुदत मार्चमध्ये संपते. समितीला पटलं तर पुढची तीन वर्षं, नाहीतर मुलं पुन्हा घरात. इथल्या घरांना परवडेल अशी दुसरी शाळा मला तरी माहीत नाही.

समिती म्हटली की सत्कार आला. सत्कार म्हटला की शाल, नारळ, माईक आणि टाळ्या. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. कुणाचं कौतुक करायचं तर दोन्ही पंजे वर करून हलवायचे. घंटासुद्धा नाही, दिवा लावतो. मी हे शाळा समितीच्या हौशीरामआबांना सांगून पाहिलं. मांडव आणि स्पीकर त्यांनीच दिलाय.

"पाहुण्यांपुढं हात हलवायचे? म्हंजी जा म्हणायचं का त्यास्नी?" आबा म्हणाले. "कोमलमॅडम, टाळीबिगर सत्कार म्हंजी मिठाबिगर कालवण."

सगळे हसले. मीही हसले.

आमच्या तेवीस मुलांपैकी बावीस जण टाळ्या कशाबशा सोसतात. कान झाकतात, टेबलाखाली जातात. उमेरा नऊ वर्षांची आहे, बोलत नाही, आणि पंधरा ऑगस्टला शेजारच्या शाळेतल्या टाळ्या ऐकून तिने खिडकीच्या गजावर डोकं आपटून घेतलं होतं. चार टाके पडले. प्रतीक्षाताई, आमच्या मुख्याध्यापिका, शनिवारी जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी उमेराचं तू बघ हं." काय बघायचं ते बोलल्या नाहीत. जे बघितलं ते मीच बघितलं.

भाभींना प्रश्न पडला, की सकाळी उमेराला कसं समजवायचं. तिच्या घरी भिंतीला कापडाची दिवसपट्टी आहे. दिवसात काय काय होणार त्याचे फोटो ओळीने चिकटवलेले. चहा, टमटम, शाळा, जेवण, कोंबड्या. मी म्हटलं, सोपं आहे, पट्टीवरून शाळेचा फोटोच काढून नेते. उमेरा मागे कोंबड्यांपाशी होती. मी फोटो काढून पर्समध्ये टाकला. फटकन काम झालं. गेल्या पावसाळ्यात तिचे आबा, म्हणजे तिचे वडील चाँदभाई यांचे वडील, वारले तेव्हाही हाच उपाय चालला होता. रोज संध्याकाळी आबा आणि ती मिळून कोंबड्या कोंडायचे. ते गेल्यावर ती अंधार पडेपर्यंत खुराड्यापाशी उभी राहून ओरडायची. मी पट्टीवरून आबांचा फोटो काढायला लावला आणि दोन-तीन दिवसांत तिने वाट बघणं सोडलं. प्रशिक्षणात मी हे उदाहरण म्हणून सांगितलंय. सगळ्यांनी पंजे हलवले होते.

आईने उद्यासाठी जांभळी साडी काढून ठेवली होती. शिक्षकांच्या घरच्यांनाही बोलावलंय. मी म्हटलं, गर्दी असेल, नको येऊस. चिक्कीच्या कारखान्यातून सुट्टी घ्यायची म्हणजे तिचा खाडा. तिने साडी परत ट्रंकेत ठेवली. तिला गर्दी आवडत नाहीच.

२१ जानेवारी, मंगळवार

छान झालं. फार छान झालं.

समितीच्या प्रमुख सारिका मॅडम माझ्या वर्गात बराच वेळ बसल्या. ओंकारने चित्रं दाखवून पाणी मागितलं, माऊलीने स्वतःहून दिवा लावला. मॅडम प्रतीक्षाताईंना म्हणाल्या, "इतकी शांत शाळा मी पाहिली नाही. हे वातावरण कसं आणलंत?" ताईंनी माझ्याकडे बोट केलं. मॅडमनी त्यांचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "काही लागलं तर सरळ फोन कर."

टाळ्या झाल्या. तीनदा. मुलांनी कान झाकले. हौशीरामआबांनी माईकवर माझं नाव घेतलं, "तुंगार्लीच्या मारुती वॉचमनची लेक, घरात पहिली गॅज्वेट!" बाबा ड्युटी सोडून आले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

जेवताना उमेराची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी शालीची पिशवी ठेवली होती. मी ती पिशवी खाली ठेवली. का, माहीत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

उमेरा काल आली नाही, आजही नाही. चाँदभाईंना फोन केला. ते शनिवार-रविवार भुशीच्या रस्त्याला कणसं विकतात आणि एरवी टमटम चालवतात. उमेराला शाळेत तेच सोडतात.

"टमटममधी बसंना झालीय, मॅडम. दार धरून ठिवती. वडलं तर चावती."

"फोटो लावला ना पट्टीवर?"

"फोटू तुमच्याकडंच हाय."

पर्स उघडली. होता. पोळीच्या डब्याला चिकटून एक कोपरा तेलकट झाला होता.

२८ जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर उमेराकडे गेले. फोटो पुसून परत नेला. भाभींनी चहा दिला, कपाटातल्या फुलांच्या कपात, बशीत दोन खारी. आधी नेहमी स्टीलच्या पेल्यात द्यायच्या आणि स्वतः शेजारी बसायच्या. आज उभ्याच होत्या. मला संकोच वाटला, एवढा मान कशाला.

"काय म्हणतेय उमेरा?"

"बरी हाय."

"रागावलात का माझ्यावर?"

"न्हाई वो मॅडम. तुमी शिकल्यालं मानूस. तुमी म्हनता ते बरूबरच आसंल."

मनावरचा भार उतरला.

एक चांगली गोष्ट दिसली. उमेराने दप्तर स्वतः माळ्यावर ठेवलंय, तिच्या आबांच्या चपलांच्या शेजारी, अगदी सरळ ओळीत. पट्टे आत दुमडून. वर्गात वस्तू जागेवर ठेवायला शिकवतो ते घरी उतरलंय. भाभींना हे सांगितलं. त्या माळ्याकडे बघत राहिल्या.

फोटो पट्टीवर लावून आले. उद्या येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आली नाही. फोटो लावल्या दिवशीच पट्टीवरून नाहीसा झाला, असं चाँदभाई म्हणाले. मी नवा छापला.

आज ऑफिसात प्रतीक्षाताईंनी विषय काढला. इंदुरीचे बाजीराव त्यांना दर सोमवारी फोन करतात. त्यांची धाकटी मुलगी जागेसाठी दीड वर्ष थांबली आहे. नियम असा, की मूल महिनाभर आलं नाही तर जागा पुढच्याला जाते.

"ती मुलगी दिवसभर खाटेला बांधलेली असते, कोमल. आई शेतावर जाते म्हणून. आपण एक खुर्ची रिकामी ठेवून बसलोय."

"उमेरा येईल, ताई."

"तिला यायचंच नसेल तर? तू तरी किती जणांचं ओझं घेशील?"

त्या प्रेमाने बोलतात. त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नाही. एका मुलीला मी घरी बसवलं आणि आता तिच्या जागेवर दुसरी बसली तर तेही पुण्यच. म्हणजे माझ्या चुकीतून कुणाचं तरी भलं होणार. हा विचार मला दिलासा म्हणून सुचला आणि स्वतःची किळस आली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कळलं.

नवा फोटो घेऊन गेले होते. या वेळी उमेराच्या हातात दिला. तिने तो नीट पाहिला. कडेने बोट फिरवलं. मग कोठीचं पिंप ओढून आणलं, त्यावर चढली आणि फोटो माळ्यावर ठेवला. तिथे आधीचा फोटोही होता. दप्तर होतं, शाळेचे बूट होते, आणि आबांच्या चपला, आबांची काठी. सगळं एका ओळीत.

मी ती ओळ पुन्हा एकदा पाहिली.

मी तिला शिकवलं होतं, की पट्टीवरून फोटो गेला की माणूस गेलं. मी शिकवलं आणि ती शिकली. मग मीच एके दुपारी तिच्या पाठीमागे शाळा काढून पर्समध्ये घातली.

"भाभी, तिला वाटतंय शाळा..."

"मेली," भाभी म्हणाल्या. "मला पयल्या दिशीच कळलं ते."

"मग सांगितलं का नाही?"

झालं. इतके दिवस फुलांच्या कपात जे दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"सांगू? कुनाला सांगू? तू इचारायला आलीवतीस व्हय त्या दिशी? तू सांगायला आलीवतीस! दारातनं सांगितलंस, फोटू वडून काढलास आन गेलीस. पानी बी न्हाई पिलीस. माझ्या पोरीची लाज वाटली तुमाला, सायबापुढं. तसं म्हन की! तरास व्हईल, तरास व्हईल... तिला का मला का तुला?"

मी रडायला लागले.

"ए, हितं न्हाई. तिला रडन्याचा आवाज सोसत न्हाई. रडायचं तर भाईर जाऊन रड."

मी बाहेर जाऊन खुराड्याच्या बाजूला रडले. एक कोंबडी माझ्या चपलेवर चोच मारत होती. परत आत आले तर भाभींनी स्टीलच्या पेल्यात चहा ओतला होता.

"पी. आन आता काय करायचं ते बोल."

११ फेब्रुवारी, मंगळवार

भाभींचं म्हणणं, जे पाठीमागे काढलं ते समोर आणायचं. मीही तेच म्हणणार होते. प्रशिक्षणाच्या पुस्तकात ते आहे. पुस्तकात ते तेव्हाही होतं.

उमेरासमोर मी पिंपावर चढले. आबांच्या चपलांना हात लावला नाही. फक्त दप्तर खाली घेतलं, तिच्या समोर ठेवलं आणि फोटो तिच्या समोर पट्टीवर लावला. तिने काढला. मी लावला. तिने काढला. चाँदभाई दारात बसून बघत होते.

"हिचा आन तुमचा पत्त्याचा डाव चाललाय जनू."

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तिने फोटो राहू दिला. पण बोट त्यावरच ठेवून बसली, वीज गेली तरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उमेरा शाळेपर्यंत येते. टमटममधून उतरत नाही.

चौथा दिवस आज. चाँदभाई फाटकाबाहेर गाडी लावून थांबतात, त्यांचं भाडं बुडतं. मी म्हटलं तर म्हणाले, "आज पॅसेंजर एकच हाय, पन पर्मनंट हाय." मी वर्ग शेजारच्या वर्गाच्या ताईंवर सोपवून टमटममध्ये बसते. मागच्या सीटवर मणी ओवतो, डबा खातो. ती शाळेकडे अशी बघते, जशी कुणी खोटी वस्तू दुकानात उलटीपालटी करून बघावी.

हौशीरामआबा मोटरसायकल थांबवून म्हणाले, "ही शाळा हाय का वडाप स्टँड?"

प्रतीक्षाताईंना हजेरीचा प्रश्न पडला. "फाटकाबाहेरच्या मुलीला मी हजर कशी लावू? उद्या बाजीराव विचारतील."

"फाटक गाडीच्या पलीकडे नेऊन ठेवू का?" मी म्हणाले. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दचकल्या, मग हसल्या आणि हजर लावलं. मग मलाच वाईट वाटलं. बाजीरावांच्या मुलीचं नावही मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरी होईल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उमेरा आत आली!

कुणी बोलावलं नाही, ओढलं नाही. माऊलीने वर्गातला दिवा लावला आणि ती उतरून त्या दिव्याकडे चालत गेली. खुर्चीवर बसली, उठली, खुर्ची उलटी करून खाली बघितलं, परत बसली. दप्तर खुंटीला लावलं नाही, मांडीवरच धरून ठेवलं. असू दे. चाँदभाई फाटकापाशी उभे होते. त्यांनी दोन्ही पंजे वर करून हलवले. त्यांना हे कुणी शिकवलं?

दुपारी प्रतीक्षाताईंनी सगळ्यांना बोलावून पेढे दिले. पुढच्या तीन वर्षांची परवानगी मिळतेय! लेखी आदेश सारिका मॅडम स्वतः येत्या सोमवारी घेऊन येणार. नव्या फलकाचं अनावरण, सत्कार, मोठा कार्यक्रम. हौशीरामआबांनी या वेळी दोन स्पीकर सांगितलेत. अहवालात ‘अनुकरणीय शांतता’ असे शब्द आहेत.

सगळे गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "सोमवारी उमेराचं तू बघशील ना?"

माझ्या तोंडात पेढा होता. मी मान हलवली.

मी मान हलवली! आज, ती आत आली त्याच दिवशी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हौशीरामआबांकडे गेले. टाळ्या नकोत, स्पीकर नको, मुलं नेहमीसारखी बसतील, असं समजावलं. ते ऐकून घेतात, चांगले आहेत. म्हणाले, "पोरी, येका पोरीपायी बावीस पोरांची शाळा घालवशील का? सायेब लोक खूश हायेत, खूश ठिवायचं. त्या दिवशी जमलंवतं की." मग घरातून आवाज देऊन म्हणाले, "कोमलमॅडमला ताक आना." ताक पिऊन परत आले.

बावीस आणि एक. हिशोब त्यांचा चुकत नाही. त्या दिवशी माझाही चुकला नव्हता.

संध्याकाळी आईला विचारलं, आपलं माणूस चारचौघांत नको वाटलं तर ते पाप का? ती कणीक मळत होती. म्हणाली, "ज्याला नको म्हटलं त्याला कळतं गं. पण ते बोलत न्हाई. आपलंच मानूस असतं ना." मग म्हणाली, "मीठ दे." आई किती सहज बोलून जाते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत शाळेमागच्या बांधावर जाऊन सारिका मॅडमना फोन केला.

"अरे कोमल! बोल ना. सोमवारची तयारी जोरात?"

मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही आलात त्या दिवशी एक मुलगी शाळेत नव्हती. टाळ्यांनी ती स्वतःला इजा करून घेते. टाळ्या थांबवण्याऐवजी मी तिला घरी ठेवायला सांगितलं. तुम्ही शांततेचं कौतुक केलंत ती शांतता तशी आणलेली होती. त्यानंतर ती जवळजवळ महिनाभर शाळेत आली नाही. तिची जागा जाणार होती."

पलीकडे कुणीतरी त्यांना सही मागत होतं.

"हे तुला मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं का?"

"नाही. माझं मी केलं."

हे खरंच आहे. पण बोलताना पहिल्यांदा वाटलं, की ते पुरतं खरं नाही. तरी तेवढंच बोलले. उरलेलं ताईंनी बोलायचं, त्यांना बोलावंसं वाटलं तर.

"आदेशावर अजून सही झालेली नाही, हे तुला माहीत आहे?"

"हो."

"तरी सांगतेयस."

"हो. सोमवारी या, मॅडम. पण सत्कार नसेल. उमेरा वर्गात असेल. आवाज झाला तर होईल. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका."

त्या म्हणाल्या, "बघते." रागावल्या की नाही ते कळलं नाही. फोन त्यांनी ठेवला.

मग मी स्पीकरवाल्याला फोन करून दोन्ही स्पीकर नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आबांना विचारतो. मी म्हटलं, विचार, पण शाळेतून नको म्हणाले असं सांग. मग उमेराच्या घरी गेले आणि तिच्या समोर, भाभींच्या समोर, सोमवारच्या पट्टीवर शाळेचा फोटो लावला. भाभींना फोनचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "शाळा बंद पडली तर सगळी माझ्या पोरीच्या नावानं बोंबलतील, कळतंय का तुला?" मी म्हणाले, माझ्या नावाने बोंबलू देत. "तू काय, तुंगार्लीला जाशील. आमी हितंच हाय," त्या म्हणाल्या. फोटो मात्र त्यांनी काढायला लावला नाही.

प्रतीक्षाताईंना सगळ्यात शेवटी सांगितलं, शाळेला कुलूप लावताना. आधी सांगितलं असतं तर त्यांनी मला प्रेमाने समजावलं असतं, आणि मला ते पटलं असतं.